केनरच्या ४६ फिगर: तपासणी आणि मूल्यमापनाच्या नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

खोका आज घरी आला. ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या, माझ्या मित्राच्या, आई ८३ वर्षांच्या आहेत. मोठं घर विकून त्या दोन खोल्यांच्या घरात राहायला जाणार आहेत. तळघर आवरताना तिन्ही भावंडांची १९७७ ते १९८४ मधली ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांची खेळणी निघाली. विकायची की ठेवायची, ठेवायची तर कुणी काय घ्यायचं, हे त्यांना ठरवायचंय. त्याआधी कोणी तरी बाहेरच्यानं नीट यादी करावी आणि खरं-खोटं निवडून द्यावं, असं तिघांचं म्हणणं पडलं. गेली पंधरा वर्षं मी हे जमवतोय आणि पोटापाण्याला प्लास्टिकचंच काम करतो, म्हणून काम माझ्याकडे आलं.

आम्ही राहतो अमेरिकेतल्या सिनसिनॅटीत, आणि ही खेळणी बनवणारी केनर कंपनीही इथलीच. इथल्या अनेक तळघरांत असा एखादा खोका असतोच.

आलेला माल: डार्थ व्हेडर या खलनायकाच्या धडाच्या आकाराची काळी पेटी. ही १९८० ची, आत दोन ट्रे आणि ३१ फिगरना, म्हणजे चित्रपटातल्या पात्रांच्या छोट्या प्लास्टिकच्या बाहुल्यांना, जागा. सगळ्या जागा भरलेल्या. बुटांच्या खोक्यात आणखी १५. म्हणजे ४६. शिवाय कॅमेऱ्याच्या रोलची एक जुनी प्लास्टिकची डबी, तिच्यात ३१ बारीक शस्त्रं: ब्लास्टर (चित्रपटातल्या बंदुका), रायफली, काठ्या.

आज कशालाच हात लावला नाही. ट्रे जसे होते तसे वरून फोटो काढले. कोण कुणाशेजारी होतं, हीसुद्धा माहिती असते आणि एकदा उचललं की ती कायमची जाते.

१२ जानेवारी, रविवार

वहीत रकाने आखले. क्रमांक, नाव, पायावरची अक्षरं, सांध्यांची घट्टी, रंगाची झीज, पिवळेपणा, शस्त्र, केप (खांद्यावरून सोडलेलं वस्त्र). शेवटी दोन रकाने मुद्दाम वेगळे ठेवले: ‘वस्तू काय सांगते’ आणि ‘घरचे काय सांगतात’. दोन्ही एकाच रकान्यात लिहिलं की चार महिन्यांनी कुठलं कुठून आलं ते कळत नाही. माझ्या स्वतःच्या संग्रहात सुरुवातीची तीन वर्षं मी ही चूक केली होती. त्यातल्या काही फिगरबद्दल ‘मूळ’ असं लिहिलेलं आहे, आणि ते कशावरून लिहिलं हे मला आज सांगता येत नाही.

पायामागची अक्षरं भिंगातून वाचायला घेतली. पहिल्या चित्रपटातल्या फिगरवर जी. एम. एफ. जी. आय. आणि १९७७ किंवा १९७८ असतं. म्हणजे जनरल मिल्स फन ग्रुप. न्याहारीची धान्यं विकणाऱ्या जनरल मिल्सनं १९६७ मध्ये केनर विकत घेतली होती. दुसऱ्या चित्रपटापासून एल. एफ. एल., म्हणजे चित्रपट काढणारी लुकासफिल्म लिमिटेड, येतं. पुढे देशाचं नाव: बहुतेकांवर हाँगकाँग, काहींवर तैवान, आणि काहींवर साच्यातूनच खरवडून काढल्याची खूण.

हे साल उत्पादनाचं नसतं, हक्क नोंदल्याचं असतं. १९७७ ची अक्षरं असलेला स्टॉर्मट्रूपर, म्हणजे पांढऱ्या चिलखतातला सैनिक, १९८४ मध्येही साच्यातून निघालेला असू शकतो. आमच्या मित्रानं सालांवरून ‘ही सगळ्यात जुनी’ अशी एक पिशवी आधीच वेगळी केली होती. ती मोडून पुन्हा एकत्र केली.

१८ जानेवारी, शनिवार

पहिली मोजणी पूर्ण. पहिल्या चित्रपटातल्या १७, दुसऱ्यातल्या १६, तिसऱ्यातल्या १३.

या वेळी सहकारी शेजारी बसला होता. १९७७ च्या नाताळात तो सहा वर्षांचा. झाडाखाली त्याला एक चपटं पाकीट मिळालं आणि आत खेळणंच नव्हतं. हे खरं आहे, आणि या धंद्याच्या इतिहासातली ती सगळ्यात धाडसी गोष्ट आहे असं मला वाटतं. चित्रपट २५ मे १९७७ ला आला. त्याची खेळणी बनवायचा परवाना घ्यायला मेगो या त्या वेळच्या मोठ्या खेळणी कंपनीनं नकार दिला होता, तो केनरनं घेतला. चित्रपट एवढा चालेल याचा अंदाज नव्हता. पोलादी साचे कोरायचे, हाँगकाँगहून माल यायचा, हे नाताळापर्यंत होणं अशक्य होतं. मग केनरनं कागदी पडदा, स्टिकर आणि एक प्रमाणपत्र असं पाकीट विकलं. प्रमाणपत्र भरून पाठवलं की १९७८ मध्ये चार फिगर टपालानं घरी: ल्यूक, लेया, चुबाका आणि आर-टू-डी-टू.

तो सांगत होता की टपालपेटीकडे तो शाळेतून रोज पळत यायचा. त्याच्या आईंनाही ते आठवतं. ‘घरचे काय सांगतात’ या रकान्यात लिहिलं.

आता वस्तू. सुरुवातीच्या काही ल्यूकच्या हातातला पिवळा लाइटसेबर (प्रकाशाची तलवार) दोनदा लांबायचा: हातातून पाते बाहेर यायचं आणि त्या पोकळ पात्यातून आणखी बारीक काडी. ती काडी सहज मोडायची, म्हणून केनरनं लवकरच साधं एकसंध पाते केलं. दुहेरी पात्याचा ल्यूक आज फार मोलाचा. टपालानं आलेल्या पहिल्या खेपेत तो मिळायची शक्यता जास्त, त्यामुळे मित्राचे डोळे चमकले होते. या ल्यूकच्या पात्याचं टोक तुटलेलं आहे. दहा पटीच्या भिंगातून तुटलेली जागा पाहिली. भरीव. दुहेरी असतं तर तिथे नळीचं तोंड दिसलं असतं. साधा ल्यूक, टोक तुटलेलं, केसांचा रंग डोक्यावर घासलेला. तसंच लिहिलं.

२५ जानेवारी, शनिवार

आज मोठी गोष्ट सापडली, निदान सकाळी तसं वाटलं.

व्हेडरच्या पेटीत, दुसऱ्या ट्रेच्या कोपऱ्यात जावा. जावा हा बुटका, टोपडं घातलेला भंगारवाला. त्याच्या अंगावर कापडाची नव्हे, प्लास्टिकची तपकिरी केप! अगदी पहिल्या मालात जावाला व्हायनिलची केप होती. पण फिगर इतकी लहान आणि वर पातळ प्लास्टिक. इतरांइतकेच पैसे देऊन ती घेताना गिऱ्हाइकाला फसल्यासारखं वाटेल, म्हणून केनरनं लगेच कापडाचा झगा दिला. त्यामुळे व्हायनिल केपचा जावा दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही सगळ्यात जास्त. नक्कल करायची रीत ठरलेली आहे: बेन केनोबीची मोठी व्हायनिल केप घ्यायची, कापून लहान करायची आणि जावाला घालायची.

म्हणून आधी या खोक्यातला बेन शोधला. तो त्याच ट्रेमध्ये, जावाच्या अगदी शेजारी. पहिल्या दिवशीच्या फोटोतही तसाच. आणि बेनच्या अंगावर व्हायनिलची केप नाही, हातानं शिवलेली जाड तपकिरी कापडी केप आहे.

मग जावाची केप भिंगाखाली. कारखान्यात ठशानं कापलेली कड सलग आणि एकसारखी असते. इथे खालची कड पायऱ्यापायऱ्यांची, कात्री तीन-चारदा उघडून पुढे सरकवल्याची. हातांची भोकं या अंगाच्या मानानं चुकीच्या उंचीवर. गळ्याशी मात्र मूळ कड शाबूत, आणि ती बेनच्या केपची.

‘वस्तू काय सांगते’: बेन केनोबीची केप कापून जावाला घातलेली. मूळ नाही.

रात्री मित्राला फोन करायचा होता. शब्द कसे वापरावेत याचा बराच विचार केला. त्या घरात कुणी फसवणूक केली, असा अर्थ निघता कामा नये. कोणी विकत घेतलेल्या मालात ही केप आली असेल तर ते वेगळं, आणि घरातच झालं असेल तर ते अगदीच वेगळं. शेवटी फक्त एवढंच विचारलं, ‘बेनची केप कुणी शिवली?’

तो काही क्षण बोललाच नाही. मग म्हणाला, आईला विचारतो.

२६ जानेवारी, रविवार

त्याच्या आईंचाच फोन आला. केप त्यांनी शिवली, घरातल्या जुन्या कॉर्डरॉयच्या तुकड्यातून, १९७९ च्या उन्हाळ्यात. जावाचा कापडी झगा अंगणातल्या वाळूत हरवला होता. गल्लीतल्या दुसऱ्या एका मुलाकडे प्लास्टिकच्या केपचा जावा होता आणि तो सगळ्यांना दाखवत फिरायचा. आठ वर्षांच्या आमच्या मित्रानं आईच्या शिवणकामाच्या कात्रीनं बेनची केप कापली, जावाला घातली, आणि मग उघड्या पडलेल्या बेनकडे बघून रडत बसला. म्हणून त्यांनी बेनला नवी शिवून दिली.

पायऱ्यापायऱ्यांची कड आणि ही हकीकत, दोन्ही नेमकं जुळतं. दोन रकाने वेगळे ठेवल्याचा हा उपयोग. आधी हकीकत ऐकली असती तर भिंगाखाली मला तेच दिसलं असतं की नाही, याची खात्री देता आली नसती.

बाजाराच्या हिशेबात दोन्ही फिगरचं नुकसान झालंय. केप कापली म्हणजे बेन अपुरा आणि जावा नागवा. हे यादीत तसंच राहील.

२ फेब्रुवारी, रविवार

शस्त्रांची डबी.

याच भागात सगळ्यात जास्त घोळ असतो. मुलांनी शस्त्रं हरवली, मोठेपणी संग्राहकांना ती हवी झाली, आणि नकला निघाल्या. नक्कल म्हणून विकली तर माझी हरकत नाही. पण ती फिगरच्या हातात जाते, फिगर पुढे विकली जाते, आणि तिसऱ्या हातात पोचेपर्यंत ‘पूर्ण, मूळ’ होऊन बसते. कधी कधी फिगरपेक्षा तिचं शस्त्रच महाग असतं, त्यामुळे हा प्रश्न बारीक नाही.

पाण्याची परीक्षा सगळ्यांना माहीत आहे: मूळ शस्त्र बहुधा तरंगतं, नक्कल बहुधा बुडते. दोन्हीकडे अपवाद आहेत. आणि एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. एवढी हलकी वस्तू नुसत्या पृष्ठताणानं पाण्यावर राहते, मग तिचं प्लास्टिक पाण्याहून जड असलं तरी. म्हणून वाटीतल्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, चिमट्यानं शस्त्र पूर्ण बुडवायचं, अंगावरचे बुडबुडे झटकायचे आणि मग सोडायचं. असं केल्यावर आज आधी ‘तरंगणारी’ पाच शस्त्रं तळाशी गेली.

ही फक्त पहिली चाळणी. दुसरी भिंगाची. नक्कल बहुधा मूळ शस्त्रावरून साचा काढून केलेली असते. त्यात कोरीव रेषा बोथट होतात आणि ओतलेला माल थंड होताना आक्रसतो, म्हणून नक्कल किंचित आखूड भरते. व्हर्नियर कॅलिपरनं मोजलं की फरक हाती येतो. तिसरी चाळणी रंगाची: जुना काळा हा बहुतेक वेळा करडा किंवा निळसर, नकलेचा काळा कुळकुळीत आणि चकचकीत. चौथी, फिगरच्या मुठीत ते कसं बसतं.

तुलनेसाठी डबीतलाच एक स्टॉर्मट्रूपरचा ब्लास्टर नमुना म्हणून धरला. झिजलेला होता, मुलांच्या दातांच्या खुणा होत्या.

निकाल: मूळ १४, नकला १३, अनिश्चित ४.

८ फेब्रुवारी, शनिवार

साफसफाई. कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, लहान मुलांचा मऊ टूथब्रश. फिगर पाण्यात बुडवून ठेवायची नाही. धड आतून पोकळ असतं, सांध्यातून पाणी शिरलं की महिनाभर निघत नाही. कापडी कपड्यांना पाणी नाही, फक्त ब्लोअरची हवा. सी-थ्री-पीओ या सोनेरी यंत्रमानवाला ब्रश अजिबात नाही. त्याच्या अंगावर निर्वात कक्षात चढवलेला धातूचा पातळ थर असतो आणि तो ओल्या बोटानंही निघतो. त्याला कोरड्या मऊ कापडानं टिपलं.

चार फिगरचे पाय चिकट लागतात. ही घाण नव्हे. हात-पाय मऊ राहावेत म्हणून पीव्हीसीत घातलेलं तेलकट द्रव्य, प्लास्टिसायझर, चाळीस-पंचेचाळीस वर्षांत हळूहळू पृष्ठभागावर येतं. साबणानं धुतलं की काही महिने बरं दिसतं, मग परत येतं. अल्कोहोलनं पुसायचा मोह होतो, पण त्यानं रंग जातो आणि द्रव्य आणखी ओढून काढलं तर पाय कडक होऊन तडकतो. सुकवून वेगवेगळ्या पॉलिप्रॉपिलिनच्या पिशव्यांत ठेवल्या. पीव्हीसीच्या पिशवीत कधीही ठेवू नये. हे द्रव्य शेजारच्या प्लास्टिकलाही मऊ करतं: पेटीच्या ट्रेमध्ये तीन जागी पायांचे ठसे उमटलेत ते यामुळेच.

स्टॉर्मट्रूपर तीन. तिघांची धडं पिवळी, त्यातला एक तर जुन्या पुस्तकाच्या पानासारखा. मित्राच्या बहिणीनं विचारलंय की हे पांढरं करता येतं ना?

येतं. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश. जुन्या संगणकांचे डबे पांढरे करायला २००८ च्या सुमारास ही रीत लोकप्रिय झाली आणि खेळण्यांतही आली. मी स्वतः एका भंगार झालेल्या धडावर करून पाहिली आहे. आठ तासांत लखलखीत झालं होतं. दीड वर्षात पिवळेपणा परत आला, तोही ठिगळाठिगळांनी, आणि पृष्ठभाग खडूसारखा झाला. पिवळेपणा हा प्लास्टिक बदलल्याचा परिणाम आहे. आपण फक्त रंग काढतो, बदल तसाच राहतो, वर आणखी एक रासायनिक मारा. आणि पांढरी केलेली फिगर पुढच्या माणसाला न सांगता विकणं ही सरळ फसवणूक आहे. मी करणार नाही, असं बहिणीला कळवलं. तिला पटलं की नाही माहीत नाही, तिनं फक्त ‘बरं’ म्हटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

बुटांच्या खोक्याच्या तळाशी, टिश्यू कागदात: उंच, निळ्या कपड्यातला, चंदेरी बूट घातलेला स्नॅगलटूथ.

हा बहिणीचा. १९७८ च्या नाताळात सीअर्स या दुकानसाखळीनं कँटिना नावाचा एक संच फक्त स्वतःकडे विकला होता, त्यात तो होता. केनरच्या चित्रकारांना या पात्राचं कंबरेपर्यंतचंच छायाचित्र मिळालं होतं. खालचं अंग त्यांनी अंदाजानं केलं आणि तो इतरांइतकाच उंच झाला. चित्रपटात तो बुटका आणि लाल कपड्यांतला. पुढे केनरनं चूक सुधारून बुटका, लाल, अनवाणी असा काढला आणि निळा परत आला नाही.

बुटांचा चंदेरी रंग टाचांना गेलाय, बाकी उत्तम. पट्ट्याच्या कडा, पायावरची अक्षरं, सांध्यांची घट्टी सगळं पाहिलं. मूळ. या ४६ मध्ये बाजाराच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची फिगर हीच.

लहानपणी ही बहीण भावांना खेळायला देत नव्हती म्हणे. म्हणून कागदात.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसात जेवताना मित्रानं विचारलं, ‘माझा बोबा फेट रॉकेट सोडणारा आहे ना? मला आठवतं, मी तो उडवलाय.’

हा प्रश्न मला गेल्या पंधरा वर्षांत निदान दहा जणांनी विचारला असेल, प्रत्येकानं तेवढ्याच खात्रीनं. उत्तर असं: १९७९ मध्ये केनरनं जाहीर केलं की खरेदीचे चार पुरावे, म्हणजे फिगर ज्या पुठ्ठ्याच्या कार्डावर विकली जायची त्यावरचे चार शिक्के कापून पाठवले की बोबा फेट फुकट, आणि त्याच्या पाठीवरचं रॉकेट उडेल. जाहिरातींत आणि कार्डांवर तसं छापलंही. त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीच्या खेळण्यातल्या अंतराळयानाचं क्षेपणास्त्र घशात अडकून एका मुलाचा मृत्यू झाला. केनरनं रॉकेट पक्कं चिकटवलं आणि मगच फिगर टपालानं पाठवल्या. उडणारं रॉकेट कुठल्याच मुलाच्या हातात गेलं नाही. कंपनीतले नमुने तेवढे उरले. त्यातला हातानं रंगवलेला एक २०२४ मध्ये ५,२५,००० डॉलरला गेला.

मुलांनी जाहिरात शेकडो वेळा पाहिली, मनात हजारदा रॉकेट उडवलं. आठवण खोटी नाही, ती त्या खेळाची आहे. पण यादीत वस्तूचीच नोंद जाईल: चिकटवलेलं रॉकेट, टपालानं आलेली फिगर, उजव्या खांद्याचा रंग घासलेला.

त्याला वाईट वाटलं. जावाच्या वेळी नव्हतं वाटलं, या वेळी वाटलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज काम कमी. गाडी काढून गावात गेलो. व्हेडरच्या पेटीत घडी घातलेलं एक जुनं केनरचं पत्रक सापडलं होतं, त्यावर पत्ता छापलाय: १०१४ व्हाइन स्ट्रीट. ती क्रोगर या किराणा दुकानांच्या साखळीची उंच इमारत, आजही उभी आहे. केनर तिथे होती. स्टाइनर या तीन भावांनी १९४६ मध्ये कंपनी काढली ती युनियन टर्मिनल या रेल्वे स्थानकाच्या जवळच्या केनर स्ट्रीटवर, आणि रस्त्याचंच नाव कंपनीला दिलं. दातेरी चकत्यांनी नक्षी काढायचा स्पायरोग्राफ अमेरिकेत यांनीच विकला. १९८७ मध्ये टोंका या खेळणी कंपनीनं ही कंपनी घेतली, १९९१ मध्ये टोंकाला हॅस्ब्रो या आणखी मोठ्या खेळणी कंपनीनं, आणि २००० मध्ये इथलं कार्यालय बंद झालं.

इमारतीखाली उभं राहून वर पाहत होतो. पावणेचार इंच ही उंची इथे ठरली. त्याआधी फिगर म्हणजे बहुतेक आठ इंच, बारा इंच, कपडे घातलेल्या बाहुल्या. त्या आकारात विमान करायचं तर ते पलंगाएवढं झालं असतं. अध्यक्ष बर्नार्ड लूमिस यांनी अंगठा आणि तर्जनी ताणून ‘एवढी असावी’ म्हटलं आणि कुणी तरी ते अंतर मोजलं, असं सांगतात. या एका निर्णयामुळे यानं, तळ, वाहनं सगळं घरात मावेल असं झालं, आणि पुढे इतर कंपन्यांनी तोच आकार उचलला. १९८२ चा हॅस्ब्रोचा जी. आय. जो सुद्धा पावणेचार इंचांचा. माझ्या लहानपणी कोल्हापुरात मला वाढदिवसाला मिळाला तो फनस्कूलचा, गोव्यातल्या कारखान्यात बनलेला जी. आय. जो. आज परदेशातले संग्राहक फनस्कूलचे वेगळ्या रंगांतले सैनिक शोधत असतात. माझा पहिला सैनिक हरवला. कमरेतली रबरी कडी तुटली आणि दोन तुकडे झाले, एवढं आठवतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

धाकट्या भावाचा निरोप. तो दुसऱ्या राज्यात असतो. २००९ च्या सुमारास त्यानं आईच्या घरी आलेला असताना ‘फिगर पूर्ण दिसाव्यात’ म्हणून शस्त्रांचं एक पाकीट मागवलं होतं आणि त्याच डबीत ओतलं होतं. आज त्यानं जुन्या ईमेलमधून मागणीची यादी शोधून पाठवली. १५ नग, प्रत्येकाचं नाव.

वहीशी ताडून पाहिलं. मी नक्कल ठरवलेले १३ सगळे त्या यादीत. चौदावा माझ्या अनिश्चित चारांपैकी एक. आणि पंधरावा मी मूळ ठरवलेला होता.

तो पंधरावा म्हणजे स्टॉर्मट्रूपरचा तोच ब्लास्टर, जो मी नमुना म्हणून धरला होता.

दातांच्या खुणा आणि झीज बघून मी तो जुना मानला. भावाला विचारलं. २०१० नंतर त्याची मुलं आजीकडे याच खेळण्यांनी खेळायची. दातांच्या खुणा पुढच्या पिढीच्या. चूक माझ्या पद्धतीत होती: ज्या ढिगाची परीक्षा घ्यायची, त्याच ढिगातून नमुना घ्यायचा नाही. हे मी दुसऱ्यांना सांगत आलोय.

माझ्या घरच्या संग्रहातून, सील न फोडलेल्या कार्डातून मी स्वतः काढलेला ब्लास्टर आणला. काळाच्या बाबतीत तोच एक माझ्याकडे नक्की. त्याच्याशी सगळे ३१ नग पुन्हा ताडले, पाण्यापासून कॅलिपरपर्यंत. ब्लास्टर नसलेल्या शस्त्रांसाठी रंग आणि कडांची तुलना, मुठीतली बैठक. दुपारी सुरू केलं, रात्री साडेअकराला संपलं. सुदैवानं बाकीचे निकाल बदलले नाहीत.

सुधारित निकाल: मूळ १३, नकला १५, अनिश्चित ३.

१ मार्च, शनिवार

किंमत.

पद्धत एकच: मागितलेला भाव बघायचा नाही, प्रत्यक्ष विकला गेलेला बघायचा. तशाच स्थितीच्या फिगरच्या शेवटच्या पाच विक्री, त्यातली मधली. सरासरी काढली तर एखादा वेडा लिलाव सगळं वर ओढतो. शस्त्र मूळ नसेल तर फिगर ‘शस्त्राविना’ धरायची, हातात नक्कल दिसली तरी. नकला वेगळ्या पिशवीत, तिच्यावर मोठ्या अक्षरात ‘नक्कल, २००९’.

अ‍ॅक्रिलिकच्या डब्यात सीलबंद करून गुण देणाऱ्या संस्था आहेत, पण खेळून झिजलेल्या सुट्या फिगरसाठी तो खर्च निघत नाही. निळा स्नॅगलटूथ पाठवायचा का, ते बहिणीनं ठरवावं.

सगळं मिळून माझा अंदाज ९०० ते १,१०० डॉलर. यात बेन आणि जावा धरलेले नाहीत. त्यांची किंमत शून्याजवळ लिहावी लागली असती.

आकडा ऐकून तिघंही गप्प. लिलावाच्या बातम्या वाचून त्यांनी बरंच जास्त धरलं होतं. लाखोंत जातात ते कंपनीतले नमुने, किंवा कार्डातून कधी बाहेर न आलेल्या फिगर. चार पुरावे पाठवण्यासाठी कार्डं कापणारी, ल्यूकला वाळूत पुरणारी मुलं ज्या घरात होती, तिथे असा माल उरत नाही.

त्यांच्या आईंनी मग एक प्रश्न विचारला. पिवळा पडलेला तो एक स्टॉर्मट्रूपर इतर दोघांपेक्षा जास्त पिवळा का? मी म्हटलं, ऊन जास्त लागलं असणार. त्या म्हणाल्या, हो, तो स्वयंपाकघराच्या खिडकीत असायचा, मी भांडी घासताना मुलं त्याला तिथे पहाऱ्याला ठेवायची. लिहून घेतलं, त्यांच्या रकान्यात.

८ मार्च, शनिवार

खोका परत दिला. ४६ पिशव्या, प्रत्येकीवर क्रमांक, यादीच्या चार प्रती. ट्रे पुन्हा वापरू नका म्हणून सांगितलं. पेटी शोभेला ठेवा, फिगर पिशव्यांत, कपड्यांच्या कपाटात, तळघरात नको. सिनसिनॅटीचं तळघर उन्हाळ्यात दमट असतं.

ते विकणार नाहीत. निळा स्नॅगलटूथ बहिणीकडे, बोबा फेट आमच्या मित्राकडे, पिवळा स्टॉर्मट्रूपर आईंच्या नव्या खिडकीत. तिथे ऊन लागेल हे मी सांगितलं, त्यांना ते चालणार आहे.

क्रमांक ५ आणि क्रमांक ११, म्हणजे बेन आणि जावा, वेगळ्या पिशव्यांत होते. मित्रानं दोन्ही एका पिशवीत घालायला सांगितलं. कॉर्डरॉयला व्हायनिल चिकटू नये म्हणून मध्ये आम्लविरहित कागद घातला आणि यादीत दोन्ही क्रमांकांपुढे ‘एकत्र’ असं लिहिलं. अनिश्चित तीन शस्त्रं माझ्याकडे आहेत. तुलनेला आणखी दोन खात्रीचे नमुने मिळाले की परत करायची.